बातमी, लेख आणि शोधनिबंध: कोणता संदर्भ कुठे चालतो?

प्रश्न: मी एम. ए. अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. लासलगावच्या कांदा बाजारातील भावांच्या चढउतारावर प्रकल्प लिहीत आहे. पहिले प्रकरण सरांनी 'संदर्भ अभ्यासपूर्ण नाहीत' असा शेरा देऊन परत केले. मी तर नामांकित वृत्तपत्रांतील लेख वापरले होते. पुढे पीएच.डी. करायची इच्छा आहे. कृपया मार्गदर्शन करावे.
– एक विद्यार्थिनी, नाशिक जिल्हा

उत्तर: वृत्तपत्र नामांकित आहे म्हणून त्यातील प्रत्येक विधान संशोधनाला आधार म्हणून पुरते असे नाही, सरांचा आक्षेप बहुधा हाच असावा. 'साठेबाजीमुळे भाव भडकले' हे वाक्य बातमीत एखाद्या व्यापाऱ्याच्या किंवा शेतकऱ्याच्या सांगण्यावरून येऊ शकते. तेच विधान शोधनिबंधात करायचे, तर अनेक वर्षांची आवक आणि भाव पडताळून, अवकाळी पाऊस व निर्यातधोरण यांचा परिणाम वेगळा काढून दाखवावा लागतो आणि छापण्यापूर्वी विषयातील तज्ज्ञांच्या शंकांना उत्तरे द्यावी लागतात.

म्हणून बातम्या टाकून द्याव्यात असे मी मुळीच म्हणणार नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात थांबवली, तेव्हा बाजार समितीच्या आवारात काय घडले, हे सांगायला त्या दिवसाची बातमी उत्तम साधन आहे. त्या बंदीमुळे भाव नेमके किती उतरले, हे ठरवण्याचा भार मात्र तिच्यावर टाकू नका. रोजच्या भावांसाठी अ‍ॅगमार्कनेट या बाजारभावांच्या सरकारी संकेतस्थळावरील नोंदी घ्या. त्या शोधनिबंध नव्हेत, पण मूळ आकडेवारी म्हणून त्यांचे मोल बातमीतील आकड्याहून अधिक आहे.

केवळ नियतकालिकाचे नाव पाहूनही निर्णय होत नाही. मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'च्या एकाच अंकात संपादकीय असते, भाष्य असते आणि तज्ज्ञांनी तपासलेले विशेष लेखही असतात. त्यामुळे आपण यांपैकी काय उद्धृत करत आहोत, ते पाहावे. इंग्रजी म्हणजे अभ्यासपूर्ण आणि मराठी म्हणजे लोकप्रिय, ही समजूतही सोडावी. मराठी अर्थशास्त्र परिषदेचे 'अर्थसंवाद' हे त्रैमासिक तुमच्या विभागाच्या ग्रंथालयात अवश्य शोधा. 'शोधगंगा' या संकेतस्थळावर पीएच.डी.चे प्रबंध वाचायला मिळतात, आणि चांगल्या प्रबंधाच्या संदर्भसूचीतून पुढची वाट सापडते.

पीएच.डी.चा विचार आहे म्हणून एका गोष्टीबद्दल कळकळीने सांगतो. पैसे भरा आणि चार दिवसांत निबंध छापून घ्या, असे सांगणारी तथाकथित आंतरराष्ट्रीय नियतकालिके विद्यार्थ्यांना हमखास गाठतात. मुखपृष्ठावरचा आयएसएसएन केवळ ओळखक्रमांक असतो, गुणवत्तेचा दाखला नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची 'यूजीसी-केअर' यादी २०२५ मध्ये बंद झाल्याने ही पारख आता विद्यापीठांवर आणि संशोधकांवरच आली आहे. संपादक मंडळातील व्यक्ती खरोखर त्या विषयात काम करतात का आणि निबंध तपासण्याची पद्धत स्पष्ट दिली आहे का, हे पाहिल्याशिवाय तिथला निबंध संदर्भाला घेऊ नका आणि स्वतःचाही पाठवू नका.

आता प्रकरण पुन्हा हाती घ्या. जिथे 'काय घडले' एवढेच सांगितले आहे, तिथे बातमी राहू द्या. जिथे 'का घडले' असे म्हटले आहे, तिथे शोधनिबंधाचा आधार शोधा, आणि तो मिळालाच नाही तर ते विधान मागे घेऊन तो प्रश्न सरांपुढे मांडा. कदाचित तुमच्या पीएच.डी.चा विषय तिथेच निघेल.