चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या घराला लाकडी माडी करायची आहे, खोल्या बारा फुटी. तुळया सागाच्या घ्याव्यात की लोखंडी गर्डर टाकावेत?

साग घ्या, ऐन घ्या, किंजळ घ्या, परसातला जुना फणस असेल तर तो घ्या. फरक पडतो, पण तुम्हाला वाटतो तेवढा नाही. तुळईचं टोक भिंतीत कसं बसवणार हे तुम्ही विचारलेलंच नाही आणि खरं दुखणं तिथेच आहे. त्या टोकांपायी आमच्या घरात दोन भाऊ वर्षभर एकमेकांशी धड बोलत नव्हते.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. २००८ साली जुनं मातीचं घर उतरवून जांभ्याचं बांधलं. पैसे बहुतेक दादाचे, तो मुंबईत. देखरेख माझी, मी गावात. निर्णय कोणी घेतले ते सांगायला नको. गावचे सुतारमेस्त्री म्हणाले, किंजळ मिळतोय, चांगला वाळलेला आहे, स्वस्तात पडेल. दादाला साग हवा होता, पाहुण्यांनी मान वर केली की साग दिसला पाहिजे म्हणून. आला साग. कसला साग! लागवडीचा, कोवळा, प्रत्येक तुळईच्या कडेला दोन बोटं पांढरं लाकूड. सागाची सगळी कीर्ती त्याच्या गाभ्याची आहे, बाहेरचं पांढरं लाकूड वाळवी आणि बुरशी आवडीने खातात. मेस्त्रींनी हे तोंडावर सांगितलं. दादा म्हणाला, "मेस्त्री, तुम्ही रंधा मारा."

मेस्त्रींची दुसरी मागणी टोकांची होती. भिंतीत जाणाऱ्या टोकांना काजूच्या टरफलांच्या तेलाचे दोन हात, खाली सपाट दगड, आणि बाजूंनी, वरून, पाठीमागून बोटभर मोकळी जागा. जांभा पाणी पितो. आमची पश्चिमेची भिंत जूनपासून दसऱ्यापर्यंत आतून ओलसर असते, आणि लाकूड सर्वात जास्त पाणी ओढतं ते कापलेल्या टोकातून. "भिंतीत टोकाला वारा लागूदे," एवढंच ते म्हणत होते. दादाचं म्हणणं, फट ठेवली की उंदीर नि विंचू शिरणार. सुट्टी संपवून जायच्या आदल्या दिवशी त्याने गवंड्याला उभं करून सगळी टोकं सिमेंटमध्ये गच्च बुजवून घेतली. मी तिथेच उभा होतो, गप्प. तेवढी चूक माझी.

अकरा वर्षं काही झालं नाही. २०१९च्या गणपतीत घरात वीस माणसं, रात्री माडीवर पत्त्यांचा डाव बसलेला. वहिनी चहाचा ट्रे घेऊन पश्चिमेच्या भिंतीकडे गेल्या आणि पायाखालची फळी चार बोटं खाली बसली. चहा सांडला, कोणाला लागलं नाही, पण डाव तिथेच मोडला आणि सगळ्यांनी अंथरुणं खाली आणली. विसर्जन झाल्यावर प्लास्टर फोडलं. सात तुळयांपैकी पाचांची टोकं गेलेली. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत जात होता. लाकडाचा चहात बुडवलेला टोस्ट झाला होता. आणि भिंतीपासून हातभर अलीकडे त्याच तुळईवर हातोडी मारली तर खणखणीत वाजत होती.

खाली जॅक लावले, कुजलेली टोकं कापली, भिंतीपासून चार बोटं सोडून दोन खांब उभे केले आणि त्यांच्यावर बहाल, म्हणजे तुळया पेलणारं जाड आडवं लाकूड, टाकला. किंजळाचा. तुळया आता बहालावर बसतात, भिंतीला शिवत नाहीत. मेस्त्री काम संपवून निघताना कापलेलं एक टोक पिशवीत घालून घेऊन गेले. कशाला, ते मी विचारलं नाही.

आता तुमचं माप. तुळईची रुंद बाजू नेहमी उभी ठेवायची, आडवी कधीच नाही. जाडी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, उंची दुप्पट केली तर आठपट. दहा फुटी खोलीला तीन बाय सहा इंच, तुमच्या बारा फुटीला तीन बाय सात, दीड-दीड फुटावर. तीन बाय सहा बारा फुटांना मोडणार नाही, पण चालताना कपाटातली भांडी वाजतील. चार बाय चार चौकोनी घ्यायला सांगणारा सुतार भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. लाकूड ओलं घेऊ नका. अवसेला तोडलं की भुंगा लागत नाही असं जुने लोक सांगतात. मी एवढंच म्हणेन, पावसाळ्यात तोडलेलं नको, आणि कापल्यावर एक उन्हाळा तरी सावलीत ठोकळ्यांवर रचून ठेवा. कुठे जुनं घर उतरवत असतील तर त्याच्या तुळया आधी बघा, नव्या सागापेक्षा त्या बऱ्या.

लोखंडी गर्डर? खाऱ्या हवेत रंगाचा हात चुकला की गंज. गंज फुगतो आणि भिंतीत पुरलेलं टोक चिरा फोडतं. म्हणजे दुखणं पुन्हा टोकाचंच. टाकायचेच असतील तर गॅल्व्हनाइज केलेले टाका आणि टोकं डोळ्यांना दिसतील अशी ठेवा. स्लॅब टाका म्हणणारे येतीलच. त्यांना वाळू खाडीची आहे का ते विचारा, मिठाने आतल्या सळ्या कुजतात.

हो, वर बाथरूम काढणार असाल तर तेवढ्या भागाला लाकूड नको. बारा फुटांच्या पुढे, किंवा वर पुस्तकांची कपाटं, धान्याची कणगी असं काही ठेवणार असाल, तर माझं माप विसरा आणि इंजिनियरला दाखवा. आपल्याकडे घरगुती मजला चौरस मीटरला दोनशे किलो वजन धरून काढतात, माझा हिशेब तेवढाच आहे. आणि साग, ऐन, किंजळ, फणस स्वतःच्या परसातला असला तरी तोडायला परवानगी लागते. ती आधी काढा, कुऱ्हाड नंतर.

३ जून २०२०ला निसर्ग वादळात आमची अर्धी कौलं उडाली, माडी चिंब भिजली. बहालावरची टोकं दोन-चार दिवसांत वाऱ्याने सुकली. मी दादाला फोन करून मुद्दाम सांगितलं. तो म्हणाला, साग होता म्हणून मधला भाग टिकला. हे खोटं नाही, म्हणून जास्त राग येतो.

पूर्वेकडची टोकं अजून सिमेंटमध्येच आहेत. तिकडे पाऊस कमी लागतो. दर मे महिन्यात मी ती उघडायचं काढतो आणि दादा म्हणतो, चांगलं आहे ते कशाला फोडतोस.