बारावीनंतर हेलिकॉप्टर पायलट व्हायचंय, सुरुवात कुठून करू?

आधी मेडिकल, बाकी सगळं नंतर. डीजीसीएचं (नागरी विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) क्लास टू मेडिकल आणि मग त्याहून कडक क्लास वन करून घ्या. लाखोंची फी भरल्यावर डोळ्यांत किंवा ईसीजीत काही निघालं तर फार जिवाला लागतं. व्यावसायिक पायलटच्या परवान्यासाठी बारावीला फिजिक्स-मॅथ्स, वय 18 पूर्ण, 150 तासांचं उड्डाण आणि नियम, हवामान, नेव्हिगेशनचे पेपर लागतात.

खरा कस हॉवरिंगमध्ये, म्हणजे हवेत एका जागी स्थिर थांबण्यात लागतो. डाव्या हातात कलेक्टिव्ह (वर-खाली नेणारा दांडा), उजव्यात सायक्लिक (पुढे-मागे, बाजूला नेणारा दांडा), पायाखाली नाक वळवणारी पेडल. एक हललं की बाकीची दोन्ही सावरावी लागतात. सुरुवातीला यंत्र जागेवर थांबतच नाही, खचू नका.

नोकरीचं म्हणाल तर जुहूहून समुद्रातल्या मुंबई हायच्या तेलविहिरींवर उड्डाणं होतात; नव्या माणसाला मात्र आधी को-पायलट म्हणूनच बसावं लागतं.