घरात अडचण असताना हसू आलं तर?

प्रश्न : ताई, मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. आमचे मालक बेळगावात उद्यमबागेत एका फाउंड्रीत मोल्डर होते. होळीनंतर काम सुटलं, ते अजून घरीच आहेत. भाताची थोडी जमीन आहे म्हणून दोन घास मिळतात, पण पोराची फी आणि सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे. पूर्वी मी एकादशीच्या भजनाला न चुकता जायची, आता पाय निघत नाही. शेजारीण काही गमतीचं बोलली आणि हसू आलं, की लगेच वाटतं, मालक तिकडं भिंतीकडं तोंड करून पडलेत आणि आपण हसतोय? सगळे म्हणतात, लहान लहान गोष्टींत आनंद शोधा. तो शोधायचा कसा, आणि अशा वेळी शोधावा तरी का?

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण खरी अडचण तिथंच आहे. शोधावा. तुम्ही हसलात म्हणून मालकांचं काम लांबत नाही आणि रडलात म्हणून फाउंड्रीतून बोलावणं येत नाही.

माझे पती अर्धांगानं अंथरुणाला खिळले होते तेव्हा दुपारी नणंद त्यांच्याजवळ बसायची आणि मी अनगोळहून सिटी बस धरून सार्वजनिक वाचनालयात जायची. १८४८ सालचं ते वाचनालय. तिथं पेपर वाचायची, जुने दिवाळी अंक चाळायची, कुणाशी न बोलता परत यायची. नात्यातल्या एका बाईंनी तोंडावर विचारलं, "नवरा अंथरुणात, आणि तुला पेपर सुचतोय कसा ग?" जिव्हारी लागलं. पण जाणं सोडलं नाही. परत आल्यावर त्यांची कूस बदलताना माझा हात हलका पडायचा, भरवताना चिडचिड व्हायची नाही. त्यांची जीभ जड झाली होती, तरी "काय छापलंय?" एवढं विचारायचे. मग मी बातम्या सांगायची. तेवढ्या वेळेपुरती आमच्या घरात आजाराशिवाय दुसरी गोष्ट असायची. ती मी बाहेरून आणली नसती तर कुणी आणली असती?

आता कसा शोधायचा ते. खरं सांगायचं तर मला हा 'शोधा' शब्दच पटत नाही. मन खचलेलं असताना शोधायची उमेद कुठून येणार? १९७०च्या दशकात अमेरिकेत पीटर लेविन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी हे नीट मांडलं. माणूस खचला की त्याचं येणं-जाणं, कामं, भेटीगाठी कमी होतात. त्या कमी झाल्या की बरं वाटायचे प्रसंगही कमी होतात. त्यामुळं तो आणखी खचतो आणि आणखी घरात बसतो. त्यांनी आनंद देणाऱ्या साध्या गोष्टींची ३२० कलमांची यादीच केली होती. त्यातल्या आपल्याला पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी मन होवो न होवो, ठरवून करायच्या. आधी हातपाय हलवायचे, मन मागून येतं. आजही या पद्धतीनं उपचार करतात.

म्हणून येत्या एकादशीला भजनाला जा. गाऊ नका. नुसते टाळ धरा. टाळाला दोन्ही हात लागतात, ठेका चुकू द्यायचा नसतो, त्यामुळं तेवढा वेळ फीचा आणि कर्जाचा हिशेब डोक्यात फिरायला जागा राहत नाही. पहिल्या दिवशी काहीच वाटलं नाही तरी पुढच्या एकादशीला पुन्हा जा. कुणी विचारलं, "एवढे दिवस कुठं होतीस?" तर "घरात होते" म्हणा, पुरे. सगळी कहाणी सांगायची गरज नाही.

सकाळी उठल्यावर चुलीकडं वळायच्या आधी थोडा वेळ बांधापर्यंत जाऊन या. तुमच्याकडं पावसाळ्यात सूर्य दिसत नाही हे मला ठाऊक आहे, पण ढगाळ सकाळीसुद्धा बाहेरचा उजेड घरातल्या बल्बपेक्षा कितीतरी जास्त असतो. त्या उजेडानं शरीराचं घड्याळ जागेवर येतं, रात्री झोप लागायला मदत होते. आणि खानापूरचा पावसाळा तुमच्या दारात आहे! बेळगावातली माणसं गाड्या करून जांबोटीकडं जातात तो पाऊस, ती हिरवळ बघायला. रस्त्याकडेला अळंबी विकणाऱ्या बायकांकडून मी दर वर्षी अळंबी घेते. ओलं खोबरं घालून तिचं कालवण केलं की घरभर वास सुटतो. तुमच्या गावात जाणत्या बायका असतील, त्यांच्याबरोबर अळंबी काढायला जा. अनोळखी अळंबीला मात्र हात लावू नका, विषारी असू शकते. दोघींनी मिळून रानातून फिरणं, वाटेत बोलणं, परत येऊन निवडणं, हे सगळं मला त्या कालवणाइतकंच मोलाचं वाटतं. शेजारणीलाच विचारा. तिनं तुम्हाला हसवलंय, म्हणजे तिचं तुमच्याकडं लक्ष आहे.

मालकांबद्दल थोडं. मोल्डिंगचं काम हाताच्या नजाकतीचं असतं, वाळूचा साचा चुकला तर माल वाया. अशा हातांना रिकामं राहणं फार जड जातं. त्यांना "जरा हसा की" म्हणू नका. गोठ्याची गव्हाण दुरुस्त करायची असेल, खळ्याची भिंत ढासळली असेल, तर "मला जमंना झालंय, बघता का जरा?" असं विचारा. काम खरं असू द्या, त्यांचं मन रमावं म्हणून काढलेलं नको. त्यांना ते लगेच कळेल.

आणि एक गोष्ट टाळू नका. तुम्हाला किंवा त्यांना दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही असं होत असेल, तर तो आजार असू शकतो. त्यावर एकादशी आणि अळंबी पुरणार नाहीत. १४४१६ हा 'टेली मानस' या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा क्रमांक आहे, दिवसरात्र चालतो, फुकट आहे. धारवाडला डिम्हान्स हे सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. आणि कुणी "जगून काय करायचं" असं बोललं, तर दोन आठवडे थांबायचं नाही. त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी फोन लावा.