बाबांचा स्पेस कॅडेट कॅबिनेटवर कसा लावू?

प्रश्न : ताई, नमस्कार. दिवाळीत मी ओळखीच्यांकडून वापरलेलं व्हर्च्युअल पिनबॉल कॅबिनेट घेतलं. खाली आडवा 40 इंची पडदा, मागे उभा 24 इंची, बाजूंना फ्लिपरची (बॉल उडवणाऱ्या पात्यांची) बटणं, आत विंडोज 11 चा पीसी. व्हिज्युअल पिनबॉल या प्रोग्रामची टेबलं (म्हणजे त्यातले वेगवेगळे खेळ) झकास चालतात. पण माझे बाबा (वय 74) त्यांच्याकडे बघतही नाहीत. निवृत्तीनंतर ते आमच्या एक्सपीच्या मशीनवर रोज रात्री जेवण झालं की विंडोजबरोबर आलेला ‘स्पेस कॅडेट’ हा पिनबॉल खेळायचे. ‘माझा तो यानवाला लाव,’ एवढंच म्हणतात. जुन्या मशीनमधून मोठ्या वाटल्या त्या फाइली उचलून खेळ चालवला, तर कॅबिनेटवर तो कुशीवर झोपल्यासारखा दिसतो, आवाज येत नाही, बटणांनी काही हलत नाही आणि मधेच विंडोजची कसलीशी चौकट उगवते. काय करू? (सांगली)

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. 2003 च्या सुमारास मी पुण्यात संगणक दुरुस्तीचं काम करायचे. गिऱ्हाइकाचं मशीन फॉरमॅट केलं की साउंड आणि डिस्प्लेचे ड्रायव्हर नीट बसलेत का, हे मी हाच खेळ उघडून बघायची. स्पेसबार दाबून बॉल सुटला आणि आवाज आला की काम झालं. त्यामुळे त्या खेळाचा ठेका माझ्याही बोटांत आहे, आणि बाबा काय मागताहेत ते मला कळतं.

तुम्हाला कोणीतरी सांगेल की याच खेळाची चाहत्यांनी केलेली प्रतिकृती व्हिज्युअल पिनबॉलमध्ये मिळते, ती लावा म्हणजे संपलं. ती दिसायला सुंदर असेल, पण बाबांसाठी ती लावू नका. तिच्यात बॉलचं वजन वेगळं, फ्लिपरची उसळी वेगळी. ज्या माणसाने वर्षानुवर्षं एकाच टेबलावर हात बसवलाय त्याला पहिल्या दोन बॉलमध्येच ते परकं वाटेल. कॅबिनेटला खेळाप्रमाणे वळवा, खेळाला कॅबिनेटप्रमाणे नको.

आधी फाइली. हा खेळ सिनेमाट्रॉनिक्सने केला आणि 1995 मध्ये मॅक्सिसने ‘फुल टिल्ट! पिनबॉल’ या संचात आणला. त्यातल्या तीन टेबलांपैकी स्पेस कॅडेट हे एक मायक्रोसॉफ्टने घेतलं आणि एक्सपीपर्यंत ते विंडोजबरोबर येत राहिलं. व्हिस्टात ते गायब झालं. 64 बिटवर नेताना बॉल कशाला आपटला हे ओळखणारा भाग बिघडला होता, बॉल प्लंजरमधूनच (बॉल ढकलणाऱ्या दांड्यामधूनच) आरपार खाली पडायचा, आणि एवढ्या जुन्या प्रोग्रामात ती चूक सापडेना. म्हणून खेळ काढला, असं मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी लिहून ठेवलंय. एक्सपीतली 32 बिटची प्रत मात्र आजही विंडोज 11 वर चालते, हे तुम्ही पाहिलंच. तुमचा आवाज गेला कारण प्रत्येक आवाजाची वेगळी वेव्ह फाइल असते आणि त्या मागेच राहिल्या. जुन्या डिस्कवर प्रोग्राम फाइल्स, त्यात विंडोज एनटी, त्यात पिनबॉल, हे फोल्डर अख्खं उचला. डिस्क गेली असेल आणि एक्सपीची सीडी असेल, तर तिच्या आय-386 फोल्डरमध्ये याच फाइली दाबून ठेवलेल्या असतात. विंडोजच्या ‘एक्स्पांड’ कमांडने त्या उलगडतात. एक लक्षात ठेवा, बाबांचे जुने उच्चांक या फोल्डरमध्ये नसून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात असतात. मशीन अजून सुरू होत असेल तर भंगारात देण्याआधी त्या उच्चांकांच्या यादीचा फोटो तरी काढा.

आता मूळ एक्झी, म्हणजे खेळ चालवणारी फाइल, बाजूला ठेवा. तिच्या खिडकीचा आकार बदलता येत नाही आणि कॅबिनेटवर सगळी अडचण तिथेच आहे. 2021 मध्ये एका प्रोग्रामरने मूळ प्रोग्राम उलगडून पुन्हा लिहिला आणि ‘स्पेसकॅडेटपिनबॉल’ नावाने गिटहब या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळावर खुला केला. चित्रं, आवाज आणि टेबलाचा आराखडा त्यात नाही. ते तुमच्याच फोल्डरमधून घ्यायचं, म्हणजे त्याची एक्झी त्या फोल्डरमध्ये ठेवायची. बॉलची चाल मला तरी जुन्यासारखीच वाटली. आणि खिडकी हवी तेवढी ओढता येते.

कुशीवर झोपलेलं चित्र. व्हिज्युअल पिनबॉल टेबल स्वतःच फिरवून दाखवतं, म्हणून कॅबिनेटवाले विंडोज आडवंच ठेवतात. हा खेळ असं काही करत नाही. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये खालच्या पडद्याचं ओरिएंटेशन पोर्ट्रेट (उभं) करा. उलटं दिसलं तर पोर्ट्रेट फ्लिप्ड. खेळ संपल्यावर ते परत लँडस्केप (आडवं) व्हायला हवं, नाहीतर बाकीची टेबलं बिघडतील. पिनअप पॉपरसारखा फ्रंटएंड (खेळ निवडायचा मेन्यू दाखवणारा प्रोग्राम) असेल तर त्यात खेळ सुरू होताना आणि बंद होताना चालणाऱ्या स्क्रिप्ट लिहिता येतात, हे काम तिथे सोपवा.

यापुढची गोष्ट मला सगळ्यात आवडते. या खेळात डावीकडे टेबल आणि उजवीकडे स्कोअरची पट्टी असते. पोर्ट्रेटमध्ये दोन्ही बसवायला गेलात तर टेबल ताटाएवढं होतं आणि खालीवर काळी जागा उरते. त्याऐवजी खिडकी पडद्यापेक्षा रुंद करा. टेबल खालच्या पडद्याची पूर्ण रुंदी व्यापेल आणि स्कोअरची पट्टी कडेवरून ओघळून मागच्या पडद्यावर जाईल, म्हणजे खऱ्या मशीनवर स्कोअर दिसतो त्याच जागी! त्यासाठी विंडोजच्या मांडणीत मागचा पडदा खालच्याच्या उजवीकडे ठेवा, पण वरच्या कडा जुळवू नका. त्याला खाली ओढून तळ जुळवा. कारण पट्टीच्या वरच्या भागात नुसतं चित्र आहे. स्कोअर आणि मोहिमेच्या सूचना खालच्या भागात येतात, आणि त्या दिसल्या नाहीत तर पुढचं निशाण कुठलं हे बाबांना कळणार नाही. दोन्ही पडद्यांचं स्केलिंग 100 टक्के ठेवा, नाहीतर खिडकी सीमा ओलांडताना आकार बदलते. एफ 9 ने मेन्यू लपतो.

उंचीबद्दल. पर्यायांमधलं ‘युनिफॉर्म स्केलिंग’ (लांबी-रुंदी एकाच प्रमाणात ठेवणारं) बंद करून टेबल लांबीला ताणा. मॉनिटरवर बघितलंत तर ते विद्रूप वाटेल. पण मूळ चित्रच तिरक्या नजरेने काढलेलं आहे, लांबचा भाग आधीच दबलेला. कॅबिनेटवर वाकून बघताना आपली नजर तो पुन्हा दाबते. थोडं ताणलं की हिशेब जुळतो. माझ्या 1080 बाय 1920 च्या पडद्यावर साधारण 1500 ते 1600 उंचीला बॉल मला गोल दिसतो. तुमची उंची आणि पडद्याचा उतार वेगळा, त्यामुळे बाबांना समोर उभं करूनच ठरवा.

बटणं. खेळाला डावीकडे झेड, उजवीकडे स्लॅश आणि प्लंजरला स्पेसबार लागतो. कॅबिनेटची बटणं मात्र पीसीला बहुतेक कीबोर्डवरच्या डावी शिफ्ट, उजवी शिफ्ट आणि एंटर या कळा पाठवत असतील. एफ 8 दाबून खेळातच ती जुळवा. नवा डाव एफ 2 वर आहे. स्टार्टचं बटण 1 पाठवत असेल तर ऑटोहॉटकी या कळा बदलणाऱ्या प्रोग्रामने 1 चा एफ 2 करा. प्लंजर ओढून सोडायच्या दांड्याचा इथे उपयोग नाही. स्पेसबार किती वेळ दाबला यावर जोर ठरतो, तेव्हा लाँचचं बटण द्या. कॅबिनेटला दिलेला धक्का ओळखणाऱ्या सेन्सरचंही तेच. त्याऐवजी एक्स, पूर्णविराम आणि वरचा बाण या तीन धक्क्यांसाठी जास्तीची बटणं जोडा. आणि ती उगवणारी चौकट ‘स्टिकी कीज’ची आहे. शिफ्ट पाच वेळा दाबली की ती येते, उजवी शिफ्ट आठ सेकंद धरली तर ‘फिल्टर कीज’ची येते. अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमधून दोन्हींचे शॉर्टकट बंद करा.

शेवटचं, खालचा पडदा टीव्ही असेल तर तो गेम मोडवर ठेवा, म्हणजे चित्र उशिरा येत नाही. मी पहिल्यांदा घेतलेल्या टीव्हीवर फ्लिपर बटणामागून रेंगाळत उठायचा आणि दोन महिने मला वाटत होतं की माझाच हात गेला. बाबांना तसं एक दिवसही वाटू देऊ नका. आणि त्यांच्यासाठी कॅबिनेटच्या उंचीचं एक स्टूल करून घ्या. कॅडेटपासून फ्लीट अ‍ॅडमिरलपर्यंत नऊ पदं आहेत, एवढा वेळ उभं राहवणार नाही.

प्रश्न : मी फ्लॅटमध्ये राहते. कॅबिनेटमधल्या सोलेनॉइडच्या (खऱ्या मशीनसारखा ठोका देणाऱ्या विजेच्या भागांच्या) ठोक्यांनी खालच्या मजल्यावरचे वैतागलेत. काढून टाकले तर खेळात जीव उरत नाही. (ठाणे)

उत्तर : सगळे काढू नका. फ्लिपरचे दोन ठेवा आणि त्यांच्याखाली रबराचे तुकडे बसवा, म्हणजे ठोका लाकडात कमी उतरेल. बाकीच्यांऐवजी आतल्या तळाला एक्सायटर लावा. तो स्पीकरसारखाच अँप्लिफायरवर चालतो, पण हवेऐवजी फळी हलवतो. धक्का तळहाताला लागतो आणि आवाज पुष्कळ कमी होतो. पायांखाली वॉशिंग मशीनचे जाड रबरी पॅड ठेवा. आणि एकदा खालच्यांना वर बोलवून खेळायला द्या, मनापासून सांगते.

प्रश्न : कॅबिनेट एमडीएफचं (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीचं) करू की प्लायचं? सुतार म्हणतो एमडीएफ स्वस्त आणि गुळगुळीत. (रत्नागिरी)

उत्तर : कोकणात प्लायच घ्या, आणि ओल सोसणाऱ्या प्रतीचं, 18 मिलिमीटर. एमडीएफची कापलेली कड पावसाळी हवेत फुगते, आणि पायांचे बोल्ट नेमके तिथेच धरलेले असतात. कोपऱ्यांत आतून सागाचे तिकोनी ठोकळे बसवायला सांगा. पडदा टेकतो त्या पट्ट्या मात्र स्क्रूने लावा, फेविकॉलने नको. पुढेमागे पडदा बदलायची वेळ येतेच.