परदेशातल्या अनाथाश्रमाशी घरोबा : आधी माणसं, मग पैसे

ताई, जय ख्रिस्त. तुम्ही लिहिलंय की ऐरोलीच्या तुमच्या मंडळीत केनियाहून एक जोडपं आलं, तिकडच्या अनाथ मुलांमधल्या सेवेबद्दल बोललं, आणि तेव्हापासून लेकीला तिथल्या एखाद्या मुलीशी मैत्री करायची आहे. यजमान दरमहा पैसे पाठवू म्हणताहेत आणि सासूबाईंना फसवणुकीची धास्ती आहे. आम्ही ठाण्यातून तिकडच्याच एका संस्थेशी बरीच वर्षं जोडलेले आहोत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सासूबाईंची शंका रास्त आहे, ती झटकू नका. केनियात अशा बालगृहांना सरकारी नोंदणी लागते, आणि २०१७ मध्ये नव्या नोंदण्या थांबवल्या गेल्या. २०२२ मध्ये मुलांसाठी नवा कायदा आला. शिवाय २०२२ ते २०३२ असं सरकारी धोरणच आहे की मुलांना हळूहळू संस्थांमधून काढून नातलगांकडे किंवा दुसऱ्या कुटुंबांत वाढवायचं. त्यामुळे नोंदणीचा कागद तर मागाच, पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न विचारा : तुमच्याकडची मुलं घरी परत जातात का?

हे विचारायचं कारण असं की युनिसेफच्या व्याख्येत आई किंवा वडील, दोघांपैकी एक गेलेलं मूलही अनाथच. म्हणजे यातल्या पुष्कळ मुलांना आई असते, आजी असते, मामा असतो. घरात खायला नाही, फी परवडत नाही, म्हणून मूल आश्रमात येतं. जी संस्था फी भरून, आजीला चार कोंबड्या-शेळ्या घेऊन देऊन मुलाला तिच्याकडेच राहू देते, तिच्याशी डोळे मिटून मैत्री करा. मुलं वाढली, नवा मजला बांधला, एवढंच जी अभिमानाने सांगते, तिच्याबाबतीत मी दहादा विचार करेन.

आमच्या संस्थेतल्या मेट्रनबाईंनी, म्हणजे मुलांना सांभाळणाऱ्या बाईंनी, एकदा व्हिडिओ कॉलवर फोन फिरवून एक रिकामा पलंग दाखवला. गादी गुंडाळून ठेवलेली, खालची पत्र्याची पेटी गेलेली. तिथला मुलगा किसुमू शहराकडे आजीकडे कायमचा राहायला गेला होता. बाई आनंदाने सांगत होत्या आणि आमची लेक मात्र हिरमुसली, कारण तिची त्याच्याशीच गट्टी होती. म्हणून सांगते, मैत्री एका मुलीशी जोडू नका, त्या घराशी जोडा. मेट्रन, स्वयंपाकीण, पाळकसाहेब, मोठी मुलं, सगळ्यांशी. माणसं येऊन जाऊन तुटणं या मुलांनी खूप सोसलेलं असतं. जेवढं जमेल तेवढंच कबूल करा आणि ते चुकवू नका.

त्यांची वेळ आपल्या अडीच तास मागे. आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसात म्हणजे तिकडे पाच, कॉलला सोयीची वेळ. बोलायला विषय आपोआप निघतात. तिथे रोज उगाली आणि सुकुमा, म्हणजे मक्याचं घट्ट पीठ आणि पालेभाजी. चपाती सणासुदीला, नाताळला. आपल्याकडे ती रोज डब्यात असते हे कळल्यावर मुलांनी जो कल्ला केला! पाऊस, परीक्षा, कोणाचा दात पडला, एवढं पुरतं. मुलांचे फोटो मात्र स्टेटसला ठेवू नका, लेकीलाही बजावा.

पैशांचं सांगते. संस्थेच्या नावाच्या बँक खात्यातच पाठवायचे. तिकडे एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेवर, सगळे व्यवहार चालतात, पण कोणाच्या वैयक्तिक नंबरवर पाठवा असं कोणीही म्हटलं तरी नाही म्हणा. बँकेत परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरायचा, पॅन लागतो, हेतू देणगी असा लिहायचा. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर, दहा लाख रुपयांच्या वरच लागतो, तेव्हा आपल्यासारख्यांना दोन्हींची चिंता नाही. बँकेचे चार्जेस मात्र दर वेळी पडतात, म्हणून दरमहा न पाठवता त्यांच्या शाळेच्या सत्राला एकदा पाठवा. देणगीवरची ८०जीची आयकर सवलत यावर मिळत नाही. जुने कपडे पाठवू नका, कुरियरच्या खर्चात तिथे नवे येतात आणि तिथल्या बाजारात जुन्या कपड्यांचे ढीग आहेत.

दरवर्षी हिशेब मागायला संकोच करू नका. पंडिता रमाबाईंच्या कामासाठी १८८७ मध्ये बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन निघाली, अमेरिकेतल्या गावोगावी मंडळं झाली, आणि त्या पैशांवर १८८९ मध्ये मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन उभं राहिलं. त्या असोसिएशनचेही वार्षिक अहवाल छापले जायचे. तेव्हा आपली लेकरं घेणाऱ्या बाजूला होती. आज कोणा मुलीचा मान राखून द्यायची पाळी आपली आहे, हे सासूबाईंना सांगून बघा. आमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना ते मनापासून पटलं होतं.

भेटीची घाई नको, वर्ष-दोन वर्षं ओळख मुरू द्या. पुढे जायचं ठरलं तर निघण्याच्या किमान दहा दिवस आधी यलो फिव्हरची लस घ्यावी लागते, तीही सरकारमान्य केंद्रातच. दाखला नसेल तर परतताना विमानतळावरून क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. सासूबाई साठीच्या पुढच्या असतील तर त्यांच्या लशीबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.