कालाकुंडला रुळांवरून चालत जावं का?

प्रश्न: ताई, आम्ही चौघं, त्यात नववीतला भाचा, या पावसाळ्यात महूजवळच्या पातालपानीहून घाटातल्या कालाकुंड स्टेशनपर्यंत रुळांवरून चालत जायचं म्हणतोय. जमेल ना? आणि टंट्या मामांच्या मंदिरापाशी गाडी थांबते हे खरं का? – एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर: रुळांवरून अजिबात नको हो. अंतर दहाएक किलोमीटरच आहे पण मध्ये बोगदे आहेत, पूल आहेत, आणि पुलावर गाडी आली तर बाजूला व्हायला जागाच नसते, शिवाय असं चालणं कायद्याने गुन्हा आहे. याच रुळांवर पर्यटकांसाठी चालते त्या हेरिटेज ट्रेनने जा. 2018 च्या डिसेंबरात सुरू झालीये, पण अधूनमधून बंद असते म्हणून आधी चौकशी करा. चालायची हौस कालाकुंडला उतरून चोरल नदीच्या काठाने भागवा, तिथला सागाचा रान पावसात बघण्यासारखा असतो. पातालपानीच्या धबधब्यावर मात्र पाण्यात उतरू नका. वर डोंगरात पाऊस झाला की खाली कोरडं असतानाही लोंढा येतो, 2011 च्या जुलैत तिथे एक कुटुंब वाहून गेलं होतं, त्या बातमीने अख्खं इंदूर हळहळलं होतं.

ही इंदूर-खंडवा रेल्वेलाइन इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्जाऊ दिले त्यातून झाली, हे आपल्या घरांत पोरासोरांना पाठ असतं. टंट्या मामांचं मात्र आपल्याकडे कोणी फारसं सांगत नाही, मला ते फार खटकतं. भिल्लांचा हा माणूस सावकारांना, इंग्रजांना लुटायचा आणि गोरगरिबांना वाटायचा, म्हणून लोक मामा म्हणायचे. 4 डिसेंबर 1889 ला जबलपूरला फाशी दिली, आणि त्यांचं शव इथे रुळांजवळ आणून टाकलं असं लोक सांगतात. तिथेच मंदिर आहे. हो, गाडी तिथे क्षणभर थांबवून पुढे न्यायची रीत आहे. भाच्याला खिडकीशी बसवा आणि होळकरांचं सांगाल तेव्हा मामांचंही सांगा.

आणि कालाकुंड स्टेशनवर कलाकंद घ्याच. आमची आजी खंडव्याला जाताना खिडकीतून हात बाहेर काढून घ्यायची, पळसाच्या पानात, कोमट, दाणेदार, खालच्या बाजूला पानाच्या शिरा उमटलेल्या असायच्या. घरच्यांसाठी वेगळा बांधून घ्या, गाडीतच संपतो.