कोकणातले सडे, म्हणजे कातळाची गवताळ पठारं, मार्च-एप्रिलमध्ये काळे का पडतात? उन्हाने गवत आपोआप पेटतं का? आणि पाऊस पडल्यावर ते पुन्हा हिरवे होत असतील तर नुकसान नेमकं काय?

नाही, आपोआप पेटत नाही. हे "आपोआप" मी लग्न होऊन राजापूर तालुक्यात आले तेव्हापासून ऐकतेय आणि आता कान किटले आहेत.

वाळलं गवत पेटायला अडीचशे-तीनशे अंशांच्या घरात तापमान लागतं. एप्रिलच्या दुपारी कातळावर अनवाणी पाय ठेववत नाही हे खरं, पण कातळ कितीही तापला तरी त्याच्या जवळपास जात नाही. वीज पडून आग लागू शकते, पण आपल्याकडे विजा येतात त्या बहुतेक वळवासोबत, आणि सडे त्याच्या कितीतरी आधी काळे झालेले असतात. म्हणजे काडी कुणीतरी लावलेली असते. भाजावळीची, म्हणजे पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळतात त्याची, सुटलेली आग, गवत कापायचा कंटाळा, डुकराच्या मागावर निघालेले शिकारी, नाहीतर गाडीतून भिरकावलेलं थोटूक. चारांपैकी एक.

ऊन फक्त गवत सुकवतं. खरी कामगिरी वाऱ्याची. फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी घाटाकडून कोरडा वारा येतो. घाट उतरताना हवा दाबली जाते आणि आणखी तापते. दुपारच्या सुमारास समुद्रावरून खारा वारा सुटला की जरा बरं वाटतं. पण पूर्वेचा वारा जोरात असेल तर खारा वारा उशिरा येतो आणि तोवर किनारा भाजून निघतो. मुंबईचा मार्चमधला 41.7 अंशांचा विक्रम, 28 मार्च 1956 चा, तो काही मुंबई वाळवंटात आहे म्हणून झालेला नाही. मैदानी भागात 40 अंशांशिवाय हवामान खातं उष्णतेच्या लाटेचं नाव काढत नाही, किनाऱ्यावर 37 पुरतात.

आमच्याकडे वणवा आला तो असल्याच दिवशी. आमची बाग सड्याच्या उतारावर, दक्षिणेला. वरचा सडा माझ्या चुलत दिरांच्या हिश्शाचा. सकाळी आग पूर्वेकडून आली आणि वाऱ्यासोबत समुद्राच्या दिशेने पळत सुटली, आमच्या वरच्या अंगाने. तिची आमच्याकडची कड मात्र गुडघाभर ज्वाळांनी हळूहळू सरपटत होती. मी म्हटलं, आत्ताच टहाळे घेऊन ही कड झोडपून काढूया. भाऊजी म्हणाले, "वहिनी, वणवा तिकडे चाललाय, इकडे कशाला येतोय? कड्याशी जाऊन विझेल." मंडळी त्यांचं ऐकून पुढच्या तोंडाला आग झोडपायला गेली.

दुपारी खारा वारा आला, वायव्येकडून. जी कड सकाळभर सरपटत होती, ती अख्खीच्या अख्खी आगीचं तोंड झाली आणि आमच्याकडे वळली. मध्ये गडगा, म्हणजे दगडांचा बांध, होता. गडग्याच्या आमच्या बाजूला बेणणी करून गवत उचललेलं होतं, त्यांच्या बाजूला कुसळी गवत दगडांना टेकलेलं. ठिणग्या उडून सरळ काजूच्या पाचोळ्यात पडल्या. काजू सगळा गेला. हापूसच्या वरच्या रांगांचा एका बाजूचा पाला करपला, मोठी झालेली कैरी रात्रीपर्यंत गळून पडली.

आणि पुढचं मला अजून टोचतं. जळालेलं कलम लगेच मरत नाही. सालीखालचा जिवंत थर शेकून गेलेला असतो, पण खोडात साठलेल्यावर झाड काही दिवस तग धरतं, पालवीसुद्धा काढतं. मेमध्ये भाऊजी बाग बघून म्हणाले, "बघा, फुटली की पालवी. उगाच बोभाटा केलात." आषाढात ती कलमं उभ्या पावसात वाळली. तेव्हा कोणी बघायला आलं नाही.

आता हिरवं होण्याबद्दल. होतात, होतात. पहिल्या चांगल्या पावसानंतर आठवड्याभरात कोंब दिसतात, फोडशीची रानभाजीही वर येते, कारण आग पटकन निघून जाते आणि मातीखालचे कंद वाचतात. म्हणून तर लोक म्हणतात की जाळलं की गवत जोमाने येतं. पण येतं कुठलं ते बघा. दरवर्षी जळणाऱ्या जागी कुसळी वाढते. तिचं बी पीळ घेत मातीत शिरतं आणि आगीतून सुटतं. गुरं जे चवीने खातात ते मारवेल, पवन्या मागे पडतात. शिवाय सड्यावर माती असते ती वीतभर, तीही खळग्यांत. राख झालेल्या उघड्या सड्यावर वळवाची सर थेट आपटते आणि माती घेऊन पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, मिळते. ते लाल पाणी बघायला पर्यटक थांबतात. टिटवीची अंडी याच दिवसांत सड्यावर उघडी असतात, ककणेराची, म्हणजे धनेश पक्ष्याची, मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन बसलेली असते. त्यांना पळता येत नाही.

कायद्याचं विचाराल तर 1927 च्या वन अधिनियमात राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे. पण रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक जंगल आणि सडे खाजगी. सातबाऱ्यावर डझनभर नावं, निम्मी मुंबईला. पकडणार कोणाला? फळपीक विम्यात अवेळी पाऊस बसतो, कमी-जास्त तापमान बसतं, वेगाचा वारा बसतो. आग बसत नाही. म्हणजे वणवा हे हवामान नव्हे, हे विम्यालाही कळलेलं आहे, आमच्या भाऊजींनाच काय ते कळायचं आहे.

सगळी आग वाईट असं माझं म्हणणं नाही. भाताच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपांसाठी, भाजावळ मीही करते. दंव पडलेल्या सकाळी, भोवती पट्टा मोकळा करून, पाण्याचे हंडे भरून ठेवून. दंव नसेल, घाटाचा वारा कोरडा लागत असेल, तर त्या दिवशी काडेपेटी घरात.

तुमची कोकणात जमीन असेल तर दिवाळीनंतर गवत पिवळं पडलं की गडग्याच्या दोन्ही अंगांना दहा-बारा हात पट्टा साफ करा. दोन्ही अंगांना. एकाच बाजूने केलेल्या पट्ट्यावरून ठिणगी सहज उडते. मजुरी निम्मी-निम्मी वाटून घ्यायची. भाऊजींना मी वणव्याच्या आधीच्या दिवाळीत हेच सांगितलं होतं, तर म्हणाले, गवत तुमच्या बाजूचं, तुम्ही कापा. गडगा सामाईक आहे, नकाशा माझ्याकडे आहे.